वारा उठायच्या आत

मेलबर्नच्या विमानतळावर आमच्या सामानातून एकच वस्तू काढून घेतली गेली, ती म्हणजे समिधांची जुडी. मेतकूट सुटले, थालिपिठाची भाजणी सुटली, गोड्या मसाल्याची पुडीही सुटली. पण औदुंबराच्या त्या वीतवीतभर काटक्या काही सुटल्या नाहीत. त्या देशात बाहेरचे लाकूड, बी, पाला आणण्यावर फार कडक निर्बंध आहेत हे ठाऊक असल्यामुळे मी आपण होऊनच त्या अधिकाऱ्यापुढे ठेवल्या होत्या.

“याचं तुम्ही काय करणार?” त्याने विचारले.

“जाळणार,” मी खरे ते सांगितले.

त्याने माझ्याकडे असे काही पाहिले, की आमच्या सौभाग्यवतींनी मला कोपराने ढोसले. त्या पाहण्याचा अर्थ कळायला मला पुढे तीन महिने लागले.

आम्ही गेलो होतो ते चिरंजीवांच्या नव्या घराच्या वास्तुशांतीसाठी. मेलबर्नच्या पूर्वेला तीसेक किलोमीटरवर डँडेनाँगचे डोंगर लागतात. त्यांच्या पायथ्याशी फर्नट्री गली नावाचे उपनगर आहे, तिथे त्याने घर घेतले. घर लाकडी, एकमजली आणि मागे चांगले ऐसपैस परसदार. परसदाराच्या कुंपणापलीकडे एका शेजाऱ्याचे घर आणि त्याच्याही पलीकडे थेट डोंगरापर्यंत निलगिरीच निलगिरी.

आपल्याकडे रस्त्याच्या कडेला दिसते ती सडपातळ निलगिरी मात्र डोळ्यांपुढे आणू नका. जवळच शेरब्रुकचे जंगल आहे. तिथे ‘माउंटन अॅश’ नावाची तिची थोरली बहीण राहते. फुले धरणाऱ्या झाडांत जगात सर्वांत उंच म्हणून तिची ख्याती. शेंडा पाहायला मान मागे टाकली आणि माझी टोपीच खाली पडली. बुंध्याशी पुरुषभर उंचीचे नेचे, आणि वरून सालीच्या लांबच लांब पट्ट्या सुटून वाळत घातलेल्या धोतरांसारख्या लोंबत असलेल्या! मला त्या देखाव्याचे मोठे कौतुक वाटले. ती साल आणि पानांतले तेल म्हणजे काय प्रकार आहे, हे तेव्हा कुठे ठाऊक होते?

पहिला खटका उडाला तो आगगाडीवरून. बेलग्रेव्ह स्थानकावरून ‘पफिंग बिली’ नावाची जुन्या थाटाची वाफेची छोटी गाडी डोंगरातून धावते. जानेवारीत एकदा नातवाला घेऊन मी मोठ्या उत्साहाने गेलो, तर गाडीला डिझेलचे इंजिन जोडलेले. आज ‘टोटल फायर बॅन’ आहे, अशा दिवशी वाफेचे इंजिन चालवत नाहीत, असे तिकीट देणाऱ्या बाईंनी सांगितले. नातू हिरमुसला. “अरे, आम्ही लहानपणी कोळशाच्या गाडीत बसायचो, तेव्हा डोळ्यांत कण जायचे, पण म्हणून जंगलं काही पेटली नाहीत,” मी त्याची समजूत घातली. चाळीस वर्षे शिक्षकी केल्यामुळे स्वतःला ठाऊक नसलेली गोष्टही दुसऱ्याला पटवून देण्याची कला माझ्या अंगी आहे.

परत येताना रस्त्याच्या कडेला एक फलक दिसला. अर्धे घड्याळ असावे तसा, हिरवा, पिवळा, नारिंगी आणि गडद तांबडा अशा चार घरांचा. 2022 सालापासून साऱ्या ऑस्ट्रेलियात आगीचा धोका या चार पायऱ्यांत सांगतात. त्या दिवशी काटा नारिंगी घरात होता. “मोठी हौस आहे यांना पाट्या लावायची,” मी म्हणालो. चिरंजीव काही बोलले नाहीत.

आणि मग फेब्रुवारी उजाडला. वास्तुशांतीसाठी माघातला शनिवारचा मुहूर्त काढला होता. शनिवारच का, तर तिथले गुरुजी सोमवार ते शुक्रवार संगणकाच्या कचेरीत असतात. साठ माणसांना आमंत्रणे गेली होती. परसदारी मांडव, होमकुंडासाठी विटा, तूप, तीळ, तिथल्याच दुकानातून आणलेल्या समिधा, सगळे सिद्ध होते. शुक्रवारी संध्याकाळी चिरंजीव फोन खिशात टाकत आत आले.

“बाबा, उद्या टोटल फायर बॅन जाहीर झालाय. होम होणार नाही.”

“होम होणार नाही म्हणजे?” मी उडालोच. “अरे, वास्तुशांत आहे की हळदीकुंकू? अग्नीशिवाय वास्तुशांत होते कधी?”

“उद्या रात्री बारापर्यंत उघड्यावर कसलाही विस्तव पेटवायचा नाही. होळी नाही, शेकोटी नाही, कोळशाची शेगडीसुद्धा नाही. दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि वर चाळीस हजार डॉलरांहून मोठा दंड.”

“घर तुझं, परसदार तुझं. तुझ्या परसात तू काय पेटवावंस हे सरकार ठरवणार?”

“मग घरात करू या का?” सूनबाईने तडजोड सुचवली. पण फोनवर गुरुजींनीच कानाला हात लावला. बंदी उघड्यावरच्या विस्तवाला असते खरी. पण लाकडी घर, बेचाळीस अंशांचा अंदाज, आत साठ माणसे आणि छताला धुराची घंटा! उद्या गृहप्रवेश आणि गणेशपूजन करू, होम आणि वास्तुपुरुषाची स्थापना पुढच्या मुहूर्तावर, असा त्यांनी निकाल दिला. मी त्या रात्री जेवलो नाही. उपासाचे कारण कोणी विचारले नाही, ही गोष्ट अधिक लागली.

शनिवारी सकाळी दहालाच उत्तरेकडून वारा सुरू झाला. उत्तरेला त्या खंडाचे वाळवंट. भट्टीचे दार उघडावे तशी झळ अंगावर येत होती. पाहुणे आले, पूजा झाली, श्रीखंड-पुरीची पंगत झाली. मी मात्र मागच्या अंगणात रिकाम्या मांडवाखाली विटांच्या ढिगाकडे पाहत बसलो. कुंपणापलीकडे शेजारचे गृहस्थ शिडीवर चढून पन्हळीतला पाला हातांनी काढत होते. वय सत्तरीच्या पुढचे. मला पाहून ते खाली आले.

“तुमचा समारंभ आमच्यामुळे अडला म्हणे,” ते म्हणाले.

‘आमच्यामुळे’ म्हणजे काय, ते मग कळले. ते तिथल्या ‘कंट्री फायर अथॉरिटी’चे चाळीस वर्षांचे स्वयंसेवक. गावोगावच्या आगी विझवणारे हे दल 1945 साली उभे राहिले आणि आजही त्याचा कणा म्हणजे पन्नास हजारांच्या आसपास बिनपगारी माणसे: सुतार, दुकानदार, शाळामास्तर. मी माझी तक्रार मांडली. नियम असावेत, पण देवाच्या कामालाही सवलत नसावी?

त्यांनी वाद घातला नाही. पायाने मातीत एक रेघ ओढली. “हा उत्तरेचा वारा. यात आग लागली की ती दक्षिणेकडे धावते, जिभेसारखी, लांब आणि अरुंद. सालीच्या जळत्या पट्ट्या पुढे उडत जातात. 2009 साली त्या तीस-तीस किलोमीटर पुढे जाऊन पडल्या. मग संध्याकाळी वारा एकदम नैऋत्येचा होतो. थंड वारा. लोकांना वाटतं, सुटलो. पण त्या जिभेची जी लांब बाजू असते ना, तीच आता आगीचं तोंड होते.” त्यांनी मातीतल्या रेघेवर आडवा पाय फिरवला. “माणसं मरतात ती बहुतेक तेव्हा.”

मग त्यांनी तारखा सांगितल्या. आपल्याकडे म्हातारी माणसे पुराच्या आणि प्लेगच्या सांगत, तशा. 13 जानेवारी 1939, एकाहत्तर माणसे गेल्याचा शुक्रवार. त्यावर नेमलेल्या चौकशीत न्यायाधीश स्ट्रेटन यांना दिसले, की त्या आगी आभाळातून पडल्या नव्हत्या. माणसांच्या हातांनीच लागल्या होत्या. 16 फेब्रुवारी 1983, दोन राज्यांत मिळून पंचाहत्तर. आणि 7 फेब्रुवारी 2009. त्या शनिवारी मेलबर्नला 46.4 अंश उष्मा झाला. वीजवाहक तारांपासूनही आगी लागल्या, इतर कारणांनीही लागल्या. मेरीस्व्हिल नावाचे गाव जवळजवळ पुसून गेले. दोन हजारांहून अधिक घरे, एकशे त्र्याहत्तर माणसे.

“तुम्ही होता तिथे?”

“किंगलेककडे होतो,” ते म्हणाले, आणि हातातला पाला बादलीत टाकत राहिले. त्याविषयी ते पुढे काही बोलले नाहीत.

नियमांविषयी मात्र आनंदाने बोलले. व्हिक्टोरिया राज्याचे हवामानाप्रमाणे नऊ विभाग केलेले आहेत. ज्या विभागात ज्या दिवशी धोका, तिथे त्या दिवसापुरती संपूर्ण बंदी. ती नसली तरी गवत वाळल्यापासून पाऊस पडेपर्यंत आगीचा हंगाम असतो. तो कोणत्या पालिकेत कधी सुरू व्हायचा आणि कधी संपायचा, हे तिथले गवत पाहून ठरवतात. हंगामात परवान्यावाचून पालापाचोळा जाळायचा नाही. उघड्यावर अन्न शिजवायचे तर चूल बांधलेली हवी, नाही तर खड्डा तीस सेंटिमीटर खोल. विस्तव एक चौरस मीटरहून मोठा नको. भोवती तीन मीटर जागा झाडून स्वच्छ. जवळ जाणते माणूस. आणि वारा ताशी दहा किलोमीटरहून अधिक नको. हंगाम संपल्यावरही मोकळीक नाही. कोणत्या वस्तीत किती आणि काय जाळावे याचे पालिकेगणिक निराळे कायदे, आणि जाळण्यापूर्वी कळवायचे, म्हणजे धूर पाहून बंब धावत येणार नाहीत.

“ताशी दहा किलोमीटर वारा आहे हे सामान्य माणसानं कसं ओळखायचं?” मी शिक्षकी प्रश्न टाकला.

“सोपं आहे. झाडाची पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलू लागल्या की समजायचं, दहा झाले. काडेपेटी खिशात.”

मी एकदम गप्प झालो. हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते. याच शब्दांत नव्हे. “माडाच्या झावळीचं टोक हललं, की काडी कनवटीला,” असे. माझे आजोबा म्हणत असत.

गृहस्थ शिडी उचलत म्हणाले, “लोक मला विचारतात, आग लावणारी माणसं असतात तरी कसली? मी सांगतो, बहुतेक चांगली असतात. त्यांना फक्त वाटतं, एवढ्याशा विस्तवानं काय होणार आहे?”

मी खुर्चीवर तसाच बसून राहिलो. मला देवगड तालुक्यातले आमचे गाव दिसत होते, आणि 1965 सालचा चैत्र.

कोकणात भात पेरायच्या आधी तरव्याची जमीन भाजतात. त्याला आमच्याकडे भाजावळ म्हणतात, उत्तरेकडे राब म्हणतात. जमिनीवर शेणाचा थर, त्यावर ऐन-किंजळीचा तोडलेला कवळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि वरून माती. मग ते पेटवायचे. जमीन भाजली की तणाचे बी मरते आणि रोपाला राख मिळते. हे काम आम्हीच शोधून काढले अशातला भाग नाही. ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासीही हजारो वर्षे ऋतू पाहून, थोडे थोडे, जमिनीलगत रान जाळत आले आहेत. जिथे म्हणून माणसाने विस्तव शेतात नेला, तिथे त्याने तो आवरण्याचे कायदेही केले. आमच्या गावचे कायदे कुठे लिहिलेले नव्हते, पण पाठ सर्वांना होते. पहाटे मतलई वारा पडलेला असताना पेटवायचे आणि समुद्रावरून खारा वारा उठायच्या आत संपवायचे. बांधालगतचा पाला आधी झाडून घ्यायचा. शेजाऱ्याला आदल्या रात्री सांगायचे. पाण्याच्या घागरी आणि आग झोडपायला हिरवे टाळे जवळ ठेवायचे. आणि वारा जिकडून येतो तिकडून कधीच पेटवायचे नाही. समोरच्या बाजूने पेटवायचे, म्हणजे आग वाऱ्याच्या तोंडावर चढत सावकाश सरकते.

मी अकरा वर्षांचा होतो. आमच्या गड्याने पहाटेपासून सगळे वाफे भाजून काढले होते, शेवटचा एक ठेवला होता. “आता वारो उठतलो, ह्यो उद्या,” असे मला बजावून तो पेज प्यायला गेला. दहा वाजून गेले असतील. मला वाटले, एवढासा तर वाफा! मी एक जळकी काटकी उचलली आणि पेटवला. वाऱ्याच्या बाजूने पेटवला, कारण तिकडून चटकन पेटतो.

तो पेटला आणि धावला. बांध ओलांडला, शेजारच्या काकूंच्या पेंढ्याच्या उडवीला लागला, तिथून गोठ्याच्या छपराला. माणसे धावली, दावी कापली, गुरे वाचली. पण वर्षाची वैरण गेली. काकू विधवा होत्या. पावसाळ्यापर्यंत गुरे पोसायला काही उरले नाही, तेव्हा पंधरा दिवसांनी त्यांनी दुभती गाय विकली. ती गाय आमच्या दारावरून नेली, ते मी पडवीतून पाहिले.

आजोबांनी गड्याला विचारले, “भाजावळ सोडून कुठे गेला होतास?” त्याने माझ्याकडे एकदा पाहिले. मी खाली पाहिले. तो म्हणाला, “चुकलंय.” त्याच आठवड्यात त्याला कामावरून काढले. तो मुंबईला गेला, गिरणीत लागला असे पुढे ऐकले. मी पुढे मुंबईतच शिकलो, तिथेच नोकरीला लागलो. त्याचा पत्ता काढणे अवघड नव्हते. मी काढला नाही.

संध्याकाळी सहाच्या सुमारास, शेजाऱ्यांनी सांगितले होते तसा वारा फिरला. अर्ध्या तासात अंगावर शहारा यावा इतका गारवा. साऱ्या गल्लीतली माणसे दारे-खिडक्या उघडून बाहेर आली. सुदैवाने त्या दिवशी आमच्या बाजूला कुठे धूर दिसला नाही. पाहुणे गेल्यावर चिरंजीव पायरीवर माझ्याजवळ येऊन बसले. “रागावलात ना?” म्हणाले. मी त्याला वाफ्याची गोष्ट सांगितली. पन्नासहून अधिक वर्षांत मी ती कोणालाच सांगितली नव्हती, त्याच्या आईलाही नाही.

“मग त्या गड्याचं काय झालं?” त्याने विचारले.

“ते मला माहीत नाही,” मी म्हणालो. “तेच तर.”

त्याने उठून आतून माझी शाल आणली आणि खांद्यावर टाकली. बस, एवढेच.

होम झाला तो अक्षय्य तृतीयेला. साडेतीन मुहूर्तांतला तो. त्याला निराळा मुहूर्त शोधावा लागत नाही. त्या वर्षी ती मे महिन्यात आली. आगीचा हंगाम संपला होता, डोंगरावर पाऊस पडून गेला होता. चिरंजीवांनी पालिकेत आणि अग्निशमन दलात, दोन्हीकडे विचारून घेतले. तरी मी टेप घेऊन भोवतालची तीन मीटर जागा मोजली आणि स्वतः झाडली. कुंडाचे माप घेतले, तर ते एक हात लांब-रुंद. तिथल्या कायद्यात आरामात बसणारे! आपल्या पूर्वजांनीही अग्नीला चौकट घालूनच बोलावले होते, हे इतकी वर्षे होम पाहूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. शेजारचे गृहस्थ पाहुणे म्हणून आले. येताना पाण्याची नळी घेऊन आले आणि नळाला जोडूनच खुर्चीवर बसले. पान हलत नव्हते. धूर सरळ वर गेला. आहुती देताना मी एका माणसाचे नाव मनात घेतले.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण आम्ही ठाण्याला परत आलो आणि पुढच्या पौषात आमच्या सोसायटीत सभा भरली. आवारातला पालापाचोळा आमच्याकडे रोज सकाळी कोपऱ्यात जाळला जाई. त्यात दुधाच्या पिशव्याही जात. तसे पाहिले तर कचरा असा जाळू नये हे घनकचऱ्याच्या नियमांत 2016 सालीच आले; त्याच डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने साध्या जाळण्याला पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला पंचवीस हजार रुपये दंड ठरवून दिला. पण कोपऱ्यातल्या धुराकडे पाहायला कोणाला वेळ होता? तळमजल्यावरच्या दम्याच्या आजी तेवढ्या खिडकी लावून घेत. मीही रोज त्या धुरातूनच फिरायला जात होतो. त्या आठवड्यात मात्र दंडाची पावती आली होती.

चिटणीस म्हणाले, “झाडूवाल्या बाईंनी जाळलं, तेव्हा ही रक्कम त्यांच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापावी असं सुचवतो.” चार माना हलल्या. त्या बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी सभेकडे पाहिले आणि मग खाली पाहिले.

मी हात वर केला.

“बाईंच्या हातात काडी आपण दिली,” मी म्हणालो. “पाला कुठे टाकायचा ते आपण सांगितलं नाही, खड्डा करून दिला नाही, धूर मात्र रोज पाहिला. दंड आपला आहे. माझ्या वाट्याचा मी आत्ता देतो.”

थोडी चुळबूळ झाली. मग तळमजल्यावरच्या आजींनी पर्स उघडली, आणि मग इतरांनाही उघडाव्या लागल्या.

आता जांभळाखाली आम्ही एक खड्डा केला आहे. पाला त्यात पडतो, वर थोडी माती आणि पाणी. चार-सहा महिन्यांत काळेभोर खत होते. गेल्या पावसाळ्यात ते कुंड्यांसाठी घरोघर वाटले. बाईंनी त्यातली एक पिशवी स्वतःच्या तुळशीसाठी मागून नेली, तेव्हा जाताना त्या मला म्हणाल्या, “काका, त्या दिवशी तुम्ही बोललात.”

“उशीरच झाला,” मी म्हणालो. त्यांना वाटले, मी सभेविषयीच बोलतो आहे.